ओळ दुसऱ्याची, मग विनोद कुणाचा? जुन्या मासिकांतल्या हास्यचित्रांविषयी

प्रश्न थोडक्यात असा आहे: न्यूयॉर्कर, सॅटर्डे इव्हिनिंग पोस्ट, कॉलियर्स अशा जुन्या अमेरिकी नियतकालिकांतली एका चौकटीची हास्यचित्रं चाळताना बऱ्याच ठिकाणी रेखाटन कच्चं वाटतं. मोठमोठ्या चित्रकारांच्या कल्पना आणि चित्राखालच्या ओळी भलत्यांनीच लिहून दिलेल्या असायच्या, असंही कळतं. आणि कित्येक चित्रांवर आज हसूच येत नाही. मग या मंडळींना एवढं नावाजायचं कशासाठी, आणि ही चित्रं बघायची तरी कशी?

मी बरीच वर्षं मासिकांसाठी हास्यचित्रं काढतो आहे, त्यामुळे उत्तर धंद्याच्या अंगाने देतो. मधल्या प्रश्नापासून सुरुवात करू. तो सुटला की बाकीचे दोन निम्मे सुटतात.

हो, कल्पना विकत घेतल्या जायच्या, आणि त्यात लपवण्यासारखं कुणाला काही वाटत नसे. गॅग, म्हणजे चित्रासाठी विनोदी कल्पना, लिहिणाऱ्यांचा वेगळा वर्गच होता. कार्डावर दोन-चार ओळींत प्रसंग आणि खालची ओळ लिहून ते चित्रकाराला पाठवायचे. चित्र विकलं गेलं तर मानधनातला साधारण 25 टक्के वाटा लेखकाचा, अशी रीत होती. टोकाचं उदाहरण जॉर्ज प्राइसचं. न्यूयॉर्करमध्ये त्याची 1,200 च्या वर चित्रं आली आणि त्यांतल्या एकाच चित्राची कल्पना त्याची स्वतःची होती. तरी प्राइसचं चित्र सही न वाचता ओळखू येतं. तारेसारखी टणक, कुठेही न थरथरणारी रेघ. खोलीत मोडकी खुर्ची, भिंतीवरून गेलेले नळाचे पाइप, कोपऱ्यात साठलेलं भंगार. आणि त्या पसाऱ्यात बनियनवर बसलेला नवरा. कल्पना देणारे अनेक होते. पण हे घर प्राइसचं, त्यातली धूळसुद्धा प्राइसची. तोच विनोद दुसऱ्या कुणाकडे गेला असता तर दुसऱ्या घरात घडला असता, आणि बहुतेक वेळा तितका लागला नसता.

हे नुसतं मत नाही. एकच कल्पना दोन हातांतून गेल्याचा दाखला उपलब्ध आहे. कार्ल रोझ या चित्रकाराने एकदा न्यूयॉर्करला एक चित्र दिलं. दोन तलवारबाज समोरासमोर, एकाने दुसऱ्याचं मुंडकं साफ उडवलं आहे, आणि खाली एकच शब्द: 'टूशे!' म्हणजे वार लागला, अशी खेळातली सभ्य कबुली. कल्पना फक्कड होती. पण रोझ हा नीट शिकलेला, अंगोपांगं बरोबर काढणारा चित्रकार. त्याच्या हातून ते मुंडकं खरंच तुटल्यासारखं दिसत होतं. संपादक हॅरल्ड रॉसला ते भीषण वाटलं आणि कल्पना त्याच मासिकातल्या जेम्स थर्बर या लेखक-चित्रकाराकडे गेली. थर्बरच्या माणसांच्या अंगात रक्तच नसतं, मुंडकं परत बसवलं की गडी ठणठणीत, असा युक्तिवाद त्यामागे होता. 1932 च्या डिसेंबरात थर्बरचं चित्र छापून आलं आणि ते त्याच्या सर्वांत गाजलेल्या चित्रांपैकी एक ठरलं. त्यातला हरलेला खेळाडू मेलेला वाटतच नाही. फार तर जरा गैरसोय झाल्यासारखा वाटतो. कल्पना तीच, ओळ तीच, फरक फक्त रेघेचा.

बिचाऱ्या रोझचं नशीबच तसं. 1928 साली त्याने जेवणाच्या टेबलावरच्या आई-मुलीचं चित्र काढलं. आई सांगते, ही ब्रोकोली आहे बाळ. मुलगी म्हणते, मी म्हणते हा पालक आहे, आणि गेला खड्ड्यात. ती ओळ न्यूयॉर्करचाच लेखक ई. बी. व्हाइट याने लिहिली होती आणि पुढे बोलीभाषेत जाऊन बसली. तिथे लोकांना ओळ लक्षात राहिली, 'टूशे'मध्ये चित्र लक्षात राहिलं, आणि दोन्हीकडे नाव दुसऱ्याचं झालं.

थर्बरचा विषय निघालाच आहे तर कच्च्या रेखाटनाचंही बोलून घेऊ. लहानपणी भावाबरोबर खेळताना बाण लागून त्याचा एक डोळा गेला होता आणि पुढे दुसराही अधू होत गेला. चित्रकलेचं शिक्षण नाही. तो पेन्सिलीने कागदावर काहीबाही गिरवून फेकून द्यायचा. ते कागद शाईने गिरवून पहिल्यांदा संपादकांपुढे ठेवले ते कचेरीत त्याच्या शेजारी बसणाऱ्या व्हाइटने. 1929 च्या सुमाराचं त्यातलं एक चित्र म्हणजे खडकावर बसलेला सील, लांब क्षितिजावर दोन ठिपके, आणि सील म्हणतो आहे, हं, संशोधक दिसतायत. आर्ट डायरेक्टर री आयर्विनने ते साभार परत केलं, आणि सीलच्या मिशा खऱ्या कशा असतात ते स्वतः काढून सोबत पाठवलं. व्हाइटने उलट कळवलं की थर्बरच्या सीलच्या मिशा अशाच असतात. तरीही चित्र काही छापलं गेलं नाही.

दोनेक वर्षांनी थर्बर तोच सील पुन्हा काढायला बसला. खडक काही जमेना. तो पलंगाच्या उशाकडच्या फळीसारखा दिसायला लागला. मग त्याने खाली पलंग काढला, पलंगावर नवरा-बायको काढली, आणि दोघांतलं एक दुसऱ्यावर वैतागून म्हणतं: बरं, तुझंच खरं, तुला सील भुंकल्याचं ऐकू आलं! 30 जानेवारी 1932 च्या अंकातलं हे चित्र. सील त्यांच्या डोक्याशी फळीवर आरामात बसला आहे आणि त्याची दोघांनाही गंधवार्ता नाही. इथे विनोद आधी सुचला आणि मग चित्र काढलं असं झालेलंच नाही. हात चुकला, चुकीतून पलंग निघाला, पलंगातून संसार निघाला. पुस्तकांच्या कपाटावर हातापायांवर ओणव्या बसलेल्या बाईचं त्याचं दुसरं चित्रही असंच. पाहुण्याला यजमान सांगतो आहे की ती वर बसलेली माझी पहिली बायको, आणि ह्या सध्याच्या मिसेस हॅरिस. मुळात जिना काढायचा होता, तो फसला आणि त्याचं कपाट झालं. रॉसने फोन करून विचारलं म्हणे, ती वरची बाई जिवंत आहे, मेलेली आहे की पेंढा भरलेली? थर्बरने चौकशी केल्याचा आव आणून उत्तर दिलं की बाईत पेंढा भरता येत नाही असं पेंढा भरणारा म्हणतो, आणि मेलेली बाई हातापायांवर तोल सांभाळू शकत नाही असं डॉक्टर म्हणतो, तेव्हा ती जिवंतच असणार.

तेव्हा 'कच्चं' म्हणताना जरा थांबावं. रेघ शरीरशास्त्राला धरून आहे की नाही हा मुद्दा गौण. ती विनोदाला पुरेशी आहे की नाही ते बघायचं. व्हर्जिल पार्च, म्हणजे 'व्हिप' अशी सही करणारा, डिझ्नीच्या स्टुडिओतून आलेला. 1942 पासून कॉलियर्समध्ये गाजला. त्याच्या माणसांच्या हातांना वाटेल तितकी बोटं असतात, चेहऱ्याच्या एकाच बाजूला दोन्ही डोळे असतात. बोटांवरून कुणी हटकलं तर तो सांगायचा की डिझ्नीकडे इतकी वर्षं कमी बोटं काढली, त्याची भरपाई करतोय. विनोद बाजूला ठेवला तरी त्या बोटांना कारण आहे. व्हिपचं जग मुळातच पिसाटलेलं आहे, आणि अशा जगात पाच बोटांचा व्यवस्थित हात विशोभित दिसला असता.

आता खुद्द चित्रकार नेमकं काय करतो ते बघू. माझ्या मते त्याचं खरं काम दोन निर्णयांत असतं: घटनेतला कुठला क्षण पकडायचा, आणि वाचकाची नजर कुठल्या क्रमाने फिरवायची. एका चौकटीत आधी आणि नंतर दाखवायला जागा नसते, तरी वाचकाला दोन्ही कळलं पाहिजे.

पीटर आर्नोचं 1 मार्च 1941 चं चित्र घ्या. मागे विमान नाक खुपसून जमिनीत रुतलं आहे. आकाशात हवाई छत्रीने उतरणारा वैमानिक आहे, म्हणजे माणूस वाचला, वाचकाने मोकळेपणाने हसायला हरकत नाही. लष्करी अधिकारी आणि कर्मचारी अपघाताच्या दिशेने धावत सुटले आहेत. आणि त्या सगळ्या गर्दीच्या उलट्या दिशेने, आपल्याकडे तोंड करून, सुटातला एक छोटासा गृहस्थ शांतपणे चालत येतो आहे. काखेत आराखड्यांची गुंडाळी, म्हणजे विमान आखणारा हाच. खालची ओळ: चला, पुन्हा ड्रॉइंग बोर्डाकडे. या चित्रातला प्रत्येक जण एका दिशेला पळतो आहे आणि एकच माणूस दुसरीकडे जातो आहे. एवढी एक गोष्ट रचनेने सांगितली की बोलतंय कोण हे वेगळं दाखवावं लागत नाही. तो गृहस्थ अपघाताकडे बघत उभा असता, किंवा कपाळाला हात लावून बसला असता, तर तीच ओळ रडकी झाली असती. गुंडाळी काढून टाका, तो कोण तेच कळणार नाही. छत्री काढून टाका, हसू आवळून धरावं लागेल. आर्नोचं काळ्या ब्रशचं जाड रेखाटन आणि रंगमंचावर टाकल्यासारखा उजेड यांचं कौतुक सगळेच करतात, ते योग्यच आहे. पण मला सर्वांत जास्त शिकवलं ते त्याच्या या असल्या हिशेबाने.

आर्नोने घटना घडून गेल्यानंतरचा क्षण घेतला. चार्ल्स अ‍ॅडम्स पुष्कळदा आधीचा घेतो. 1946 च्या नाताळातलं त्याचं चित्र आहे. जुनाट, उंच, पडक्या वळणाचं घर, खाली दारात बर्फात उभी राहून गाणी म्हणणारी मंडळी, आणि वर छपरावर त्याच्या चित्रांत पुन्हा पुन्हा येणारं ते विचित्र कुटुंब उकळती कढई कलती करून उभं. खाली ओळ नाही. कढईतलं अजून काहीही सांडलेलं नाही. सांडलेलं दाखवलं असतं तर ते क्रौर्य झालं असतं आणि विनोद तिथेच संपला असता. थेंब पडायच्या आधीचा श्वास त्याने पकडला, आणि पुढचं वाचकाच्या मनात घडवलं. शिवाय सगळं करड्या वॉशमध्ये, पाण्यात कालवलेल्या शाईच्या पातळ थरांत, इतक्या मायेने रंगवलेलं की क्षणभर सणाचं सुंदर चित्रच बघतोय असं वाटावं. अ‍ॅडम्स तरुणपणी गुन्हेकथांच्या एका मासिकात नोकरीला होता, आणि प्रेतांच्या फोटोंवरचं रक्त रंगाने पुसून टाकणं हे त्याचं काम होतं. पुढे त्याने आयुष्यभर भीषण गोष्टी रक्ताचा टिपूस न दाखवता काढल्या.

त्याचं 13 जानेवारी 1940 चं बर्फावरून स्कीवर घसरणाऱ्याचं चित्र तर सर्वांना माहीत असतं. झाडाच्या एका बाजूने एका पायाची खूण, दुसऱ्या बाजूने दुसऱ्या पायाची, आणि स्वार पुढे सुखरूप निघून गेलेला. यात नवख्याच्या ध्यानात न येणारी गोष्ट म्हणजे तिथे उभा असलेला दुसरा माणूस. तो वळून बघतो आहे. तो नसता तर ते नुसतं कोडं झालं असतं. तो आहे म्हणून अशक्य गोष्ट खरोखर घडली आहे. साक्षीदार ठेवणं ही या कलेतली फार जुनी आणि फार उपयोगी युक्ती आहे. मी अडलो की आधी साक्षीदार घालून बघतो.

हे सगळं आज सहज वाटतं, पण पूर्वी असं नव्हतं. लंडनच्या 'पंच' या विनोदी साप्ताहिकाचे एकोणिसाव्या शतकातले अंक उघडले तर चित्राखाली अख्खा संवाद असतो: बिशप काय म्हणाले, पाहुणा काय म्हणाला, मध्ये कंसात कुणाच्या चेहऱ्यावर काय भाव. जॉर्ज द्यू मोरिएचं 1895 चं प्रसिद्ध चित्र आहे. बिशपच्या घरी जेवणाऱ्या गरीब धर्मोपदेशकाच्या पानात खराब अंडं आलं आहे, आणि तो भिडेखातर म्हणतो की नाही महाराज, त्याचा काही भाग तर उत्कृष्ट आहे. विनोद अव्वल, पण चित्रावर हात ठेवून नुसता संवाद वाचला तरी तो तेवढाच पोहोचतो. चित्र इथे सोबतीला आलं आहे. 1925 मध्ये सुरू झालेल्या न्यूयॉर्करने पुढच्या काही वर्षांत हे बदललं. एकच माणूस, एकच वाक्य, आणि चित्र व वाक्य एकमेकांशिवाय अर्थहीन. आर्नोची ओळ एकटी वाचा, ते एक कंटाळवाणं विधान आहे. चित्र एकटं बघा, ती दुर्घटना आहे. (आज ते वाक्य इंग्रजीत सर्रास वापरतात, त्यामुळे ते एकटंही अर्थपूर्ण वाटतं, पण ते या चित्रामुळेच.)

या बदलाचं बरंचसं श्रेय संपादकाच्या खाष्टपणाला द्यावं लागतं. दर मंगळवारी दुपारी न्यूयॉर्करची चित्रांची बैठक बसायची. आलेली रेखाटनं एकेक करून समोर ठेवली जायची आणि विणकामाच्या सुईने चित्रातल्या चुका दाखवल्या जायच्या. रॉसचा ठरलेला प्रश्न: बोलतंय कोण? दोन माणसं असतील आणि तोंड कुणाचं उघडं आहे ते कळत नसेल तर चित्र परत. त्याला चित्रकलेतलं फार कळत होतं असं नाही. पण वाचकाला कुठे अडखळायला होईल हे त्याला नेमकं कळायचं, आणि संपादकाकडे याहून जास्त असावं लागत नाही. 1939 मध्ये जेम्स गेराटी आर्ट एडिटर झाला. तो आधी चित्रकारांना, आर्नोलाही, गॅग लिहून द्यायचा. थेट 1973 पर्यंत तो त्या खुर्चीत होता. म्हणजे ज्या काळाला आपण या कलेचा सुवर्णकाळ म्हणतो, त्यातली मोठी वर्षं निवडीची सूत्रं कल्पना पुरवणाऱ्याच्या हातात होती. लेखक मोठा की चित्रकार, हा वाद त्या लोकांना आपल्याइतका सतावत नसे, त्याचं हेही एक कारण असावं.

इतर मासिकांसाठी वार होता बुधवार. त्या दिवशी चित्रकार काखोटीला रफ, म्हणजे कच्ची रेखाटनं, घेऊन मॅनहॅटनमधल्या कचेऱ्यांचे जिने चढायचे. सर्वांत जास्त पैसे देणाऱ्याकडे आधी, तिथून नाकारलेलं खालच्याकडे, तिथलं त्याहून खालच्याकडे. बाहेरगावचे लोक दहा-वीस रफांचा गठ्ठा परतीच्या पाकिटासह टपालाने धाडायचे. संपादक एखादं 'होल्ड'वर ठेवायचा, क्वचित एखाद्यावर 'ओके' मारायचा, आणि मग घरी जाऊन पक्कं चित्र काढायचं. उतरंडीच्या अगदी तळाशी ह्यूमोरामासारखी छोट्या आकाराची, भडक चित्रांची मासिकं होती, आणि तिथेही जॅक कोलसारखी तालेवार माणसं सापडतात. पुढे 1953 च्या डिसेंबरात प्लेबॉय निघाल्यावर कोलला तिथे पूर्ण पानाची जलरंगातली चित्रं मिळाली. प्लेबॉय काढणाऱ्या ह्यू हेफ्नरला स्वतःला व्यंगचित्रकार व्हायचं होतं, ते जमलं नाही. चित्रकारांना त्याचा फायदा झाला. पुढे 'पीनट्स' ही चित्रमालिका काढणाऱ्या चार्ल्स शुल्झनेही 1948 ते 1950 या काळात सॅटर्डे इव्हिनिंग पोस्टला 17 चित्रं विकली. त्यातलं पहिलं शब्दांवाचून आहे: एक पोरगं लांबलचक आरामखुर्चीच्या पार टोकाला बसलं आहे आणि पाय ठेवायला त्याने पुढे वेगळं स्टूल घेतलं आहे. पुढे जी पोरं त्याने पन्नास वर्षं काढली, त्यांचा सगळा स्वभाव त्या बसण्यात आहे.

जोडीने काम करणाऱ्यांमध्ये मला सर्वांत आवडते ती हेलन हॉकिन्सन आणि जेम्स रीड पार्कर यांची जोडी. हॉकिन्सनच्या गुटगुटीत, टोपीवाल्या, क्लबांच्या सभा भरवणाऱ्या बायका म्हणजे न्यूयॉर्करची ओळखच होती. 1931 पासून ओळी बहुतकरून पार्करच्या. पण त्या बायका बसतात कशा, पर्स मांडीवर कशी धरतात, दुकानात टोपी घालून आरशात बघताना मान किती कलते, हे हॉकिन्सनने लोकांमध्ये हिंडून टिपलेलं होतं. पार्करला त्या बायकांचा आवाज सापडला, कारण शरीर आधीच तयार होतं. लोक आपल्या बायकांची टर उडवतात याचं तिला वाईट वाटायचं, आणि अखेरच्या काळात ती जाहीर भाषणांतून त्यांची बाजू मांडायची. अशाच एका कार्यक्रमाला वॉशिंग्टनला जात असताना 1 नोव्हेंबर 1949 रोजी तिचं विमान दुसऱ्या विमानाशी हवेत धडकलं आणि त्यात ती गेली. तिच्या चित्रांत चुकूनही कुचकेपणा नाही. बाई चुकीचं बोलत असते, पण ती मूर्ख आहे असं रेघ कधी म्हणत नाही. लेखकाने लिहिलेल्या ओळीला चित्रकाराने लावलेला हा सूर कागदावर मोजून दाखवता येत नाही, पण ओळ झाकली तरी तो जाणवतो.

आता हसू न येण्याचं. याची दोन वेगळी कारणं आहेत आणि ती एकत्र करू नयेत.

पहिलं म्हणजे संदर्भ गेला. आर्नोचंच 1936 चं चित्र: संध्याकाळच्या भारी पोशाखातली श्रीमंत मंडळी मित्रांना खिडकीतून हाका मारताहेत की चला, ट्रान्स-लक्सला जाऊन रूझवेल्टची हुर्यो उडवू. ट्रान्स-लक्स म्हणजे बातमीपट दाखवणारी चित्रगृहं आणि तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्यावर धनिकांचा राग होता, हे माहीत असेल तर हे चित्र आजही धारदार आहे. थिएटरच्या अंधारात पडद्याला शिव्या घालायला नटूनथटून निघालेला वर्ग त्यात आहे. माहीत नसेल तर ती नुसती गर्दी. यावर उपाय सोपा: चित्राची तारीख बघायची आणि त्या आठवड्यात काय चाललं होतं ते वाचायचं.

दुसरं कारण जास्त अवघड. निर्जन बेटावरचा माणूस, सेक्रेटरीच्या मागे लागलेला साहेब, लाटणं घेऊन उभी असलेली बायको, हे साचे एकेकाळी इतके पिळले गेले की त्यात रस उरला नाही. आणि साहेब-सेक्रेटरीच्या विनोदात तर साहेबाचीच बाजू घेतलेली असते. ते आज खटकतं आणि खटकायलाच हवं. त्यासाठी काळाची सबब पुढे करायचं मला काही कारण दिसत नाही, कारण त्याच काळात बार्बरा शेरमंड काढत होती. न्यूयॉर्करच्या पहिल्या वर्षांतल्या तिच्या तरुणी लग्नाला आणि पुरुषांच्या थोरवीला ज्या बेफिकिरीने टोलवतात, ते आजही ताजं आहे. 1950 मध्ये अमेरिकेच्या व्यंगचित्रकारांच्या राष्ट्रीय संघटनेने पहिल्यांदा स्त्रियांना दार उघडलं, तेव्हा आत गेलेल्या तिघींपैकी ती एक. आणि ई. सिम्स कॅम्बेल बघा. 1933 मधल्या एस्क्वायरच्या पहिल्या अंकापासून त्याची झगमगीत रंगीत चित्रं हे त्या मासिकाचं आकर्षण होतं. चित्रांतली माणसं बहुतेक गोरी, आणि काढणारा कृष्णवर्णीय आहे याची बहुसंख्य वाचकांना कल्पनाही नव्हती. त्याची जनानखान्याची चित्रं विषय म्हणून आज शिळी आहेत, पण त्यांतलं रंगांचं काम बघून हात थबकतो.

बाजार बसला तो अचानक नव्हे. जुनं विनोदी लाइफ 1936 मध्ये बंद पडून त्याचं नाव विकलं गेलं, जज 1947 मध्ये संपलं, कॉलियर्स 1957 च्या जानेवारीत, पोस्ट 1969 मध्ये, लुक 1971 मध्ये. जाहिराती टीव्हीकडे गेल्या, एवढंच त्याचं मुख्य कारण. पण चित्रकाराच्या दृष्टीने जास्त मोठं नुकसान हे झालं की उतरंड मोडली. वरच्याने नाकारलेलं खालच्याकडे नेऊन पोट भरता यायचं, त्यात नवख्याचा हात तयार व्हायचा. एकदोनच दारं उरल्यावर सगळे त्याच दारांच्या चवीचं काढू लागले.

बघायचं कसं, या भागाला माझं उत्तर असं. अंक हातात आला की आधी ओळीवर कागद ठेवा आणि चित्रातली कुठली गोष्ट पहिल्यांदा दिसली, कुठली शेवटी, ते मनाशी नोंदवा. मग ओळ वाचा. चांगल्या चित्रात तुम्हाला शेवटी दिसलेली गोष्ट आणि ओळीतला शेवटचा शब्द एकाच वेळी आदळतात. न्यूयॉर्करच्या ओळी सुचवण्याच्या स्पर्धेसाठी काढलेली चित्रं मात्र यासाठी घेऊ नका. ती मुद्दाम अर्धी ठेवलेली असतात, त्यांची जात वेगळी. शक्य असेल तर पुस्तकांपेक्षा मूळ अंकात बघा. वॉशमधलं चित्र छापायला हाफटोन ब्लॉक, म्हणजे करड्या छटा बारीक ठिपक्यांनी छापणारा ठसा, लागायचा आणि शुद्ध रेघेच्या चित्राला नुसती काळी रेघ छापणारा लाइन ब्लॉक पुरायचा. पुनर्मुद्रणात करडे थर बहुतेक वेळा चिखल होतात आणि अ‍ॅडम्ससारख्याचं निम्मं काम तिथेच मरतं.

मूळ चित्र विकत घ्यायचा विचार असेल तर जरा सांभाळून, कारण आता यात पैसा आहे. पीटर स्टायनरचं 1993 चं, इंटरनेटवर तुम्ही कुत्रा आहात हे कुणाला कळत नाही, हे चित्र 2023 मध्ये लिलावात 1,75,000 डॉलरला गेलं. भिंग लावून बघा. करड्या भागात एकसारखे ठिपके दिसले तर ते छापील पान आहे, चौकट कितीही भारी असो. खरं मूळ बहुधा छापलेल्यापेक्षा मोठं असतं. चुका झाकायला लावलेला पांढरा रंग उजेडात तिरकं धरल्यावर उंचवट्यासारखा दिसतो, कडेला निळ्या पेन्सिलीच्या मापांच्या खुणा असतात, कारण ब्लॉकच्या कॅमेऱ्याला निळं दिसत नसे. ओळ खाली पेन्सिलीने किंवा मागच्या बाजूला लिहिलेली सापडते, आणि पाठीवर मासिकाचा शिक्का असला तर उत्तमच. अगदी स्वच्छ, एकही डाग नसलेलं, सही मात्र ठळक असलेलं 'मूळ' चित्र कुणी दाखवलं तर मी तरी पाकीट खिशातच ठेवीन. आणि बजेट थोडं असेल तर नावाच्या मागे न लागता पक्क्या चित्राऐवजी रफ शोधा. ती अजून परवडतात, आणि संपादकाने कुठे बोट ठेवलं, चित्रकाराने नंतर काय हलवलं, हे पक्क्या चित्राशेजारी ठेवून बघता आलं तर त्यासारखं शिक्षण नाही.